वसंतांतील पेरणी आणि न उगवलेलें बीं

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं माघ महिना संपतां संपतां एकच गोष्ट घडत असते. भात केव्हांच घरांत आलेलें असतें, वालाच्या शेंगा भरून पोपटीचें मडकें एकदोनदां लागून गेलेलें असतें, आणि घरामागील तुकडा रिकामा दिसूं लागतो. मग कोणी तरी बाजारांतून भेंडीची व काकडीची पुडी आणतो, संध्याकाळीं तें बीं मातींत घातलें जातें, चार दिवस त्यावर पाणी पडतें, आणि पुढें कांहींच उगवत नाहीं. "बींच खोटें निघालें," असें म्हणून आपण मोकळे होतों. वसंतांत उघड्यावर भाजीचें बीं पेरलें असतां तें उगवण्यास काय काय लागतें, आणि न उगवल्यास दोष कोठें शोधावा, एवढेंच या पाठांत आम्हांस पाहावयाचें आहे. हा पाठ आम्हीं पुस्तकांतून शिकलों नाहीं. तो आम्हांस लाज व नुकसान सोसून शिकावा लागला. म्हणून आधीं तीच हकीकत सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं पनवेलच्या खाडीकडील अंगास एका ओळखीच्या गृहस्थांनीं आपली पांच गुंठे पडीक जागा पांच घरांस भाजी करण्यासाठीं दिली. प्रत्येकाच्या वांट्यास एकेक गुंठा आला. आमच्या पांचांत एक विधवा बाई होत्या. त्यांना आम्ही सर्वजण मावशी म्हणत असूं. त्यांचे दोन मुलगे शाळेंत जात होते. पावसाळ्यापर्यंत भाजी विकत घ्यावी लागूं नये, आणि उरली तर ती विकून मुलांच्या पुस्तकांचा खर्च निघावा, असा त्यांचा हिशेब होता. बियांचे पैसे त्यांनीं चार घरचीं भांडीं घासून सांठविले होते. आम्हीं वरंबे घातले, त्यांच्या माथ्यावर भेंडीचें बीं टोंकलें, आणि वाट पाहात बसलों. दहा दिवसांनीं मोजून पाहिलें तों शंभर बियांत सात-आठच वर आलीं होतीं, आणि त्यांच्याहि पानांच्या कडा करपल्या होत्या.

आम्ही रागानें बियाण्यांच्या दुकानीं गेलों आणि चार गिऱ्हाइकांदेखत त्या वृद्ध दुकानदारास नाहीं नाहीं तें बोललों. त्यानें वाद घातला नाहीं. ज्या डब्यांतलें बीं आम्हांस दिलें होतें त्याच डब्यांतून त्यानें आमच्यासमोर वीस दाणे मोजून काढले, ते ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेविले, आणि "पांच दिवसांनीं या," असें तो म्हणाला. पांच दिवसांनीं फडकें उलगडलें तेव्हां वीसांपैकीं सोळा दाण्यांस मोड आले होते. बीं जिवंत होतें. आमच्या जमिनींत मेलें होतें. पेरणाऱ्याचा दाखला आपण सर्वांनीं ऐकला आहे. त्यांत बीं एकच होतें, जमिनी मात्र चार होत्या. हें ठाऊक असूनहि आम्हीं जमिनीकडे न पाहतां माणसास दोष दिला होता. आम्हीं त्याच ठिकाणीं लोकांदेखत त्याची क्षमा मागितली. पण मावशींचे पैसे गेलेच होते, आणि त्याहून वाईट म्हणजे पेरणीचे तीन आठवडेहि गेले होते.

आतां त्या नुकसानींतून आम्हीं जें शिकलों तें क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट : काळ

विलायतेंत गांवोगांवीं लोकांस भाजी पिकविण्यासाठीं जमिनीचे लहान तुकडे अल्प भाड्यानें देण्याची चाल आहे. अशा तुकड्यास तेथें अलॉटमेंट म्हणतात. त्याविषयीं १९०८ सालचा एक मोठा कायदा आहे, आणि जुन्या मापाप्रमाणें पुरता तुकडा दहा रॉडचा, म्हणजे आपल्या सुमारें अडीच गुंठ्यांचा असतो. दुसऱ्या महायुद्धांत अशा तुकड्यांनीं व परसबागांनीं त्या देशास भाजी पुरविण्याचें मोठें काम केलें. पनवेलीकडे ही चाल त्या नांवानें नाहीं. पण १९७० सालीं सिडको स्थापन झाल्यापासून या तालुक्यांतील पुष्कळ भातशेतें वसाहतींखालीं व रस्त्यांखालीं गेलीं, २०१६ सालीं पनवेलची महानगरपालिका झाली, आणि आज अनेक घरांजवळ गुंठा-अर्धा गुंठा एवढीच जमीन राहिली आहे. तेव्हां त्या लहान तुकड्याची विद्या आपणांसहि शिकली पाहिजे.

परंतु तेथील वेळापत्रक येथें चालत नाहीं. तेथें हिंवाळ्यांत माती गारठून जाते. म्हणून माळी मार्च-एप्रिलपर्यंत माती ऊब धरण्याची वाट पाहतो. आपल्याकडे ऊब कधींच कमी पडत नाहीं. कमी पडतें तें पाणी. म्हणून तेथील माणूस ऊन वाढण्याची वाट पाहतो, तर आपण ऊन फार वाढण्याच्या आधीं पेरून मोकळें झालें पाहिजे. उन्हाळी भाजीची पेरणी जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत व्हावी. भेंडी पेरल्यापासून साधारण दीड महिन्यांत तोडणीस येते, काकडीहि तितक्याच काळांत. दुधी, कारलें व पडवळ यांस दोन महिने किंवा थोडे अधिक लागतात. आपल्याकडे पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास लागतो. त्यावरून मागें मोजीत यावें, म्हणजे कोणत्या भाजीस किती दिवस मिळतात हें प्रत्येकास समजेल.

कोणती भाजी पेरावी हेंहि काळावरच ठरतें. कोबी, फुलकोबी, गाजर, मेथी, कोथिंबीर व पालक या थंडीच्या भाज्या. त्यांची पेरणी भात कापल्यावर व्हावयास हवी होती. माघानंतर पेरल्यास त्या नीट भरत नाहींत किंवा पाला धरण्याआधींच फुलावर येतात. वसंतांत पेरावयाच्या भाज्या म्हणजे भेंडी, गवार, चवळी, काकडी, दुधी, दोडका, कारलें, पडवळ आणि लाल माठ. ज्यास एकच भाजी करावयाची आहे त्यानें लाल माठ करावा. तो पंचवीस ते तीस दिवसांत कापणीस येतो आणि उशीर झालेल्यासहि निराश करीत नाहीं.

दुसरी गोष्ट : पाणी मोजून जमीन घ्यावी

पुष्कळ लोक आधीं जमीन खणतात, मग बीं आणतात आणि शेवटीं पाण्याचा विचार करितात. हा क्रम उलटा केला पाहिजे. एक गुंठा म्हणजे सुमारें शंभर चौरस मीटर. उन्हाळ्यांत दिवसास पांच मिलिमीटर पाणी जमिनींतून व पानांतून उडून जातें असें धरलें, तर एका गुंठ्यास रोज पांचशें लिटर पाणी लागेल. पंधरा लिटरच्या बादलीनें मोजल्यास ह्या तेहतीस-चौतीस बादल्या झाल्या. रोपें लहान असतांना कमी पुरतें हें खरें, परंतु चैत्र-वैशाखांत एवढें पाणी लागेल असें समजूनच निघावें. ज्या घरास रोज दहा-अकरा बादल्यांहून अधिक पाणी आणणें शक्य नाहीं, त्यानें गुंठ्याचा तिसरा हिस्साच पेरावा. तेवढी जमीन हिरवी राहील व घरास भाजी देईल. सगळा गुंठा पेरला तर तो सगळाच वाळेल. शिवाय जी विहीर माघांत भरलेली दिसते ती वैशाखांत कोठवर उतरते, हें शेजारच्या जुन्या माणसांस विचारून घ्यावें.

तिसरी गोष्ट : जमीन आणि तिच्यांतील खार

पनवेल तालुक्यांत ढोबळमानानें तीन प्रकारची जमीन आहे. डोंगराच्या बाजूस वरकस जमीन असते. ती हलकी व मुरमाड असल्यामुळें तिच्यांत पाणी ठरत नाहीं. मध्यें भाताचीं खाचरें असतात. त्यांची माती चिकण, आणि वाळल्यावर तिचीं दगडासारखीं ढेंकळें होतात. खाडीच्या अंगास खार जमीन असते. वरकस जमिनीस कुजलेलें शेणखत भरपूर घालावें, म्हणजे ती ओल धरते. खाचराची माती ओल असतांना खणून, ढेंकळें फोडून, पेरावयाच्या जागीं तरी रव्यासारखी बारीक करावी. कारण बारीक बीं आणि मोठें ढेंकूळ यांची सोबत होत नाहीं.

खार जमिनीविषयीं अधिक सांगितलें पाहिजे, कारण आमचें बीं तिनेंच खाल्लें. खाडीचें पाणी शेतांत शिरूं नये म्हणून या किनाऱ्यावर पूर्वींपासून बांध घालीत आले आहेत. त्यांच्या व्यवस्थेसाठीं १९४८ सालीं मुंबई खार जमीन कायदा झाला, आणि १९७९ सालीं महाराष्ट्र राज्यानें नवा खारभूमि विकास कायदा केला. पनवेल येथें खार जमिनीच्या अभ्यासासाठीं कोंकण कृषि विद्यापीठाचें संशोधन केंद्रहि आहे, आणि खार सोसणाऱ्या भाताच्या पनवेल १, पनवेल २ व पनवेल ३ अशा जाती तेथून निघाल्या आहेत.

येथें कोणी म्हणेल कीं, ज्या जमिनींत भात चांगलें येतें तींत भेंडी कां येऊं नये? याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. पावसाळ्यांत शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो. तो जमिनीतील खार धुऊन खालीं नेतो, आणि भात त्या गोड्या पाण्यांत वाढतें. पाऊस थांबला कीं क्रिया उलटी होते. ऊन वरची माती सुकवितें, आणि दिव्याची वात जसें तेल वर ओढते तशी माती खालची ओल वर ओढते. त्या ओलीबरोबर खारहि वर येतो. पाणी उडून जातें, खार मागें राहतो. म्हणून भातास जी जमीन आश्विनांत गोड होती तीच भेंडीस फाल्गुनांत खारट होते. सकाळीं जमिनीवर पांढरी पापडी दिसली तर हीच खूण समजावी.

बियावर त्याचा परिणाम असा होतो कीं, भोंवतीं ओल असूनहि बियास ती शोषून घेतां येत नाहीं. खारट पाणी बियांत शिरण्याऐवजीं बाहेरच राहूं पाहतें. बीं ओल्या मातींत तहानलेलें पडतें. आणि आमची विशेष चूक ही कीं आम्हीं वरंब्याच्या माथ्यावर पेरलें. सरींत पाणी सोडलें कीं तें दोन्ही बाजूंनीं माथ्याकडे चढतें, तेथें उडून जातें, आणि सगळा खार माथ्यावर गोळा होतो. ज्या ठिकाणीं तो सर्वांत अधिक, नेमकें त्याच ठिकाणीं आम्हीं बीं ठेविलें होतें. पुढें माती तपासून आणली तेव्हां माथ्यावरील व सरींतील माती यांत केवढें अंतर आहे हें कळलें.

यावर उपाय आहेत, आणि ते महाग नाहींत. वरंब्याच्या माथ्यावर न पेरतां त्याच्या बगलेंत, पाणी जेथवर चढतें त्या रेघेच्या किंचित् वर बीं टोंकावें. पेरल्यावर भाताचा पेंढा किंवा वाळलेला पाला पसरावा, म्हणजे ऊन मातीस लागत नाहीं व खार वर येण्याचें मंदावतें. पाणी थोडें थोडें पण वरचेवर द्यावें. माती पुरती सुकूं देऊं नये. विहिरीचें पाणी चाखून पाहावें, कारण खाडीजवळच्या विहिरी उन्हाळ्याच्या शेवटीं मचूळ होतात, आणि मचूळ पाण्यानें खार धुवूं पाहणें व्यर्थ आहे. भाजीहि निवडून घ्यावी. घेंवडा, मुळा, गाजर व कांदा खारास लवकर बळी पडतात. गवार त्यांहून पुष्कळ सोशीक आहे. शंका असल्यास एक गुंठा पेरण्याआधीं हातभर जागेंत वीस दाणे पेरून आठ दिवस पाहावें.

चौथी गोष्ट : बीं

जमिनीचा दोष बियास देऊं नये हें जितकें खरें, तितकेंच बीं न पाहतां घेऊं नये हेंहि खरें. १९६६ सालच्या बियाणें कायद्यानें पुडीवर जात, उगवणीचें प्रमाण, तपासणीची तारीख व मुदत छापणें विक्रेत्यांस भाग पाडलें आहे. भेंडीची उगवण शेंकडा निदान ६५ आणि काकडीवर्गीय भाज्यांची शेंकडा ६० असावी असें प्रमाण ठरलें आहे. याचा अर्थ असा कीं, चांगल्या पुडींतहि शंभरांपैकीं तीस-चाळीस दाणे न उगवण्याची शक्यता कायद्यानेंच धरली आहे. म्हणून नेमके मोजून दाणे पेरूं नयेत. तारीख पाहावी, मुदत पाहावी, पावती घ्यावी, आणि घरीं येऊन त्या दुकानदारानें केली तशी ओल्या फडक्याची परीक्षा करावी. वीस दाण्यांचा खर्च कांहींच नाहीं, आणि पुढील भांडण टळतें.

जातींविषयीं दोन शब्द. उन्हाळी भेंडीवर पांढरी माशी एक रोग पसरविते, त्यानें पानांच्या शिरा पिवळ्या पडतात. म्हणून हा रोग सोसणारी परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका यांसारखी जात निवडावी. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठानें आपल्या हवेसाठीं काकडीची शीतल, कारल्याची कोंकण तारा, दोडक्याची कोंकण हरिता व पडवळाची कोंकण श्वेता या जाती काढल्या आहेत. पुडीवर संकरित असें लिहिलें असेल तर त्याच्या फळांचें बीं पुढील वर्षीं धरूं नये, कारण त्यापासून तशींच झाडें येत नाहींत. ज्या बियास गुलाबी किंवा हिरवा रंग दिसतो त्यास औषध चोळलेलें असतें. तें विषारी असल्यामुळें मुलांच्या हातीं देऊं नये, आणि पेरल्यावर हात स्वच्छ धुवावे.

मराठी भाषेचें व्याकरण १८०५ सालीं प्रसिद्ध करणारे विल्यम केरी हे मोठे बागाईतदारहि होते, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. १८२० सालीं कलकत्त्यास शेतीची व बागाईतीची जी सोसायटी निघाली ती त्यांच्याच खटपटीनें. ते विलायतेहून वारंवार बियाणें मागवीत. एकदां एक पिशवी रिकामी झाल्यावर त्यांनीं ती आपल्या बागेंत सावलीच्या जागीं झटकली, आणि कांहीं दिवसांनीं तेथें त्यांच्या मायदेशांतील डेझीचें लहानसें फूलझाड उगवलें. तो दाणा त्यांनीं पेरला नव्हता, पण जागा त्यास मानवली. बियाच्या अंगीं जीव असला तरी त्यास त्याच्या मनाजोगती जागा मिळाली पाहिजे, हाच आमच्याहि अनुभवाचा सारांश आहे.

पांचवी गोष्ट : पेरणी

कोरड्या मातींत बीं घालून वरून पाणी ओतण्याची चाल सोडून द्यावी. तसें केल्यानें बीं वाहून एका बाजूस जातें, आणि वरची माती थापली जाऊन तिची पापडी होते. कोंवळा कोंब ती फोडूं शकत नाहीं. आधीं वाफा भिजवावा, दोन दिवस थांबावें, आणि वाफसा आला म्हणजे पेरावें. मूठभर माती दाबली असतां गोळा व्हावा आणि बोटानें टिचकी मारतांच तो फुटावा, हा वाफसा ओळखण्याचा सोपा मार्ग आहे. पेरणी उन्हें उतरल्यावर करावी.

बीं आपल्या जाडीच्या दोन-तीन पट खोल जावें, हा सर्वसाधारण नियम. भेंडी, गवार व चवळी एक इंचाहून खोल घालूं नये. काकडीस अर्धा ते पाऊण इंच पुरे. कारलें व पडवळ एक इंच. माठाचें बीं इतकें बारीक असतें कीं चिमटींतून एका जागीं शंभर दाणे पडतात. तें चौपट-पांचपट बारीक वाळूंत किंवा राखेंत मिसळून ओळींत टाकावें, आणि वर चाळलेलें शेणखत भुरभुरावें. भेंडीचें बीं, औषध चोळलेलें नसल्यास, रात्रभर पाण्यांत भिजत घालावें. कारलें व पडवळ यांचें कवच टणक असतें. तें दिवसभर भिजवून ओल्या फडक्यांत बांधून ठेवावें, आणि मोड दिसूं लागतांच हलक्या हातानें लावावें.

भेंडीच्या दोन ओळींत एक ते दीड फूट आणि दोन झाडांत सहा ते नऊ इंच अंतर असावें. गवारीसहि जवळ जवळ तेवढेंच. वेलभाज्यांसाठीं फूटभर खोल आळीं करून त्यांत एकेक पाटी कुजलेलें खत मातीशीं मिसळावें. काकडीच्या व कारल्याच्या ओळी पांच फुटांवर, दुधीच्या त्याहून लांब असाव्यात. एका आळ्यांत तीन-चार दाणे एकमेकांपासून चार बोटें दूर लावावे. जागा थोडी असेल तर वेल मांडवावर किंवा कुंपणावर चढवावा. जमीन खालीं रिकामी राहते आणि तिच्या सावलींत माठ करितां येतो.

सहावी गोष्ट : उगवल्यावर

पहिले आठ दिवस झारीनें सकाळीं व सायंकाळीं हलकें पाणी द्यावें. माठ व काकडी चार-पांच दिवसांत, भेंडी सहा-सात दिवसांत, आणि कारलें आठ-दहा दिवसांत वर येतें. कोंब दिसूं लागतांच बियावरचा पेंढा बाजूस सारावा, नाहीं तर रोपें पिवळीं व लांबट होतात. तो फेंकून न देतां ओळींच्या मधल्या जागेंत पसरावा. दोन पानांपलीकडे वाढ झाली कीं दाट रोपें विरळ करावीं. येथें पुष्कळांचें मन धजत नाहीं. परंतु एका आळ्यांत चार वेल ठेवणारास चारहि वेल उपाशी राहिलेले पाहावे लागतात. अशक्त रोप उपटूं नये, कात्रीनें जमिनीलगत कापावें, म्हणजे शेजारच्या रोपाचें मूळ हलत नाहीं.

काकडी व भोंपळा यांच्या पहिल्या दोन पानांवर तांबडे भुंगे येतात. सकाळीं ते सुस्त असतांना वेंचून साबणाच्या पाण्यांत टाकावे. पहिलीं फुलें गळून पडलीं म्हणून घाबरूं नये. वेलीवर नरफुलें आधीं येतात, आणि ज्या फुलामागें लहान फळ दिसतें तें मादीफूल असतें. जेथें मधमाश्या कमी, तेथें काकडीचें नरफूल तोडून सकाळीं मादीफुलास लावावें. दुधीचें व दोडक्याचें फूल सायंकाळीं उमलतें, म्हणून त्यांचें हें काम तिन्हीसांजेस करावें.

सातवी गोष्ट : पुढील वर्षाचें बीं

सरळ जातीच्या भेंडीचें बीं घरीं धरतां येतें. सर्वांत निरोगी झाडावरील चार फळें न तोडतां झाडावरच वाळूं द्यावीं. वेलभाज्यांत एका जातीचा पराग दुसरीस सहज लागतो. म्हणून शेजारीं दुसरी जात असल्यास त्यांच्या बियांवर भरंवसा ठेवूं नये. आपल्याकडे बियांचा मोठा शत्रू म्हणजे पावसाळ्याची दमट हवा. बियांतील ओलावा शेंकडा एकानें कमी झाला तर त्याचें आयुष्य सुमारें दुप्पट होतें, असा एक सर्वमान्य ठोकताळा आहे. म्हणून वैशाखांतच बीं नीट वाळवून, तळाशीं कोरडी राख घालून, घट्ट झांकणाच्या बरणींत ठेवावें, आणि बरणीवर नांव व साल लिहावें.

आतां आमची अर्धी राहिलेली गोष्ट पुरी करूं. दुकानदाराची क्षमा मागून परत आल्यावर आम्हीं पांच घरांनीं विचार केला. बीं थोडें उरलें होतें, आणि फाल्गुन लागला होता. पांचांचें उरलेलें बीं एकत्र करून, पांचही गुंठ्यांपैकीं बांधाजवळचा जो उंच व कमी खारट तुकडा होता तो मावशींस द्यावा, असें ठरलें; तो तुकडा ज्यांचा होता त्यांनींच ही सूचना केली. तेथें वरंब्याच्या बगलेंत भेंडी व गवार टोंकली, पेंढा पसरला, आणि पाळीपाळीनें प्रत्येक घरानें पाणी घातलें. उशिराची पेरणी म्हणून उत्पन्न बेताचेंच आलें. परंतु चैत्राच्या अखेरीपासून पाऊस लागेपर्यंत मावशींच्या घरीं भाजी विकत आणावी लागली नाहीं, आणि मुलांच्या वह्यांपुरते पैसेहि सुटले. पहिल्या टोपलींतील मूठभर भेंडी त्यांनीं त्या दुकानदारास नेऊन दिली. आम्हांस ती बुद्धि झाली नव्हती.

वाचकहो, पुढील माघांत आपलें बीं उगवलें नाहीं तर रागें भरण्यापूर्वीं एवढें करावें: वीस दाणे ओल्या फडक्यांत ठेवावे, आणि ते पांच दिवस आपल्या मातीकडे नीट पाहावें.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. आपल्या घरीं रोज किती बादल्या पाणी भाजीस देतां येईल? त्यावर किती जमीन पेरावी?

२. ज्या जमिनींत पावसाळ्यांत भात येतें तींत वसंतांत भेंडी कां करपते?

३. वरंब्याच्या माथ्यावर व बगलेंत पेरण्यांत काय अंतर आहे?

४. आपण शेवटीं घेतलेल्या पुडीवरील तारीख, मुदत व उगवणीचें प्रमाण सांगतां येईल काय?

५. आपल्या गांवांत पडीक जागा व भाजीची गरज असलेलीं घरें या दोहोंची गांठ कशी घालतां येईल?